हक्क आणि हकीकत

लोणंदच्या कांदाबाजारांत जे शब्द रोज कानीं पडतात, त्यांतील कितीतरी अरबी आहेत, हें आपल्या मंडळींतील पुष्कळांस ठाऊक नसेल. हमाल, दलाल, हिशेब, वसूल, जमा, बाकी हे सारे सुलतानी अमलांत फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आले. शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करवून अशा शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देवविले, तरी लोकांच्या जिभेवरून ते उतरले नाहींत. त्यांतील एका कुळाचा आज विचार करूं.

अरबींत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून निघतात. 'ह' व पुढें दोन वेळां घशांतून उच्चारलेला 'क' हें असें एक मूळ. त्यापासून हक्क, हकीकत व तहकीक हे शब्द झाले. आरंभीं फारसी 'ना' लागून नाहक झालें. अरबींत हक्क म्हणजे सत्य, आणि मुसलमान बांधव ईश्वराच्या नांवांतहि तें घेतात. अधिकारासहि हाच शब्द, आणि कर्तव्यासहि हाच. 'मला' अशा अर्थाचें अव्यय जोडलें कीं माझें येणें होतें. 'मजवर' अशा अर्थाचें जोडलें कीं माझें देणें.

मराठींत या कुळाची वांटणी झाली. सत्य हकीकतीकडे गेलें, येणें हक्काकडे गेलें. देण्याचा वारस मात्र कोणी झाला नाहीं. नाहक म्हणजे मुळांत अन्यायानें. आपण नाहक खर्च म्हणतों तेव्हां तो केवळ उगाच होतो.

वाचकहो, ही नुसती शब्दांची गंमत नव्हे. आपल्या गांवांत बाप वारला कीं भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतात. 1925 च्या उत्तराधिकार कायद्यानें ख्रिस्ती मुलीस मुलाइतकाच वांटा आहे. हिंदु मुलीस 2005 च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तरी कागदावर 'स्वखुषीनें' हा शब्द येतो, व खालीं तिची सही किंवा आंगठा. ती खरोखर खुषीनें देत असेल, तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. अशा बहिणी आहेत. पण बहुधा तिला माहेर तुटण्याचें भय असतें. मग कागदांतील हकीकत खोटी, आणि तिच्यावर उभा राहिलेला भावाचा हक्कहि, निबंधकाचा शिक्का असला तरी, मूळ अर्थानें हक्क नव्हे.

"बायकांनीं हक्काची भाषा बोलूं नये, कर्तव्य पाहावें," असें कांहीं वडील मंडळी म्हणतात. त्यांस आम्ही विचारतों, कर्तव्य कोणाचें? बहिणीचें जें येणें, तेंच भावाचें देणें. अरबी माणसाला त्यासाठीं दुसरा शब्द शोधावा लागत नाहीं.

अरबीची बहीण जी इब्री भाषा, तींतहि हें मूळ आहे. तेथें त्याचा अर्थ कोरणें, आणि त्यावरून कोरलेला नियम. गणना 27 मध्यें सलाफहादाच्या पांच मुली मोशेपुढें उभ्या राहून बापाच्या वतनांत वांटा मागतात. त्यांस भाऊ नव्हता, हें खरें. पण त्यांचें म्हणणें रास्त ठरलें, आणि त्या निर्णयास शास्त्रानें जो शब्द लाविला, तो याच मुळाचा आहे.