मोठी बहीण

आजचं वाचन सप्तशतीचा चौथा अध्याय. महिषासुर मेल्यावर देव देवीची स्तुती करतात, त्यात एक जागा मला दर वेळी अडवते. पुण्यवंतांच्या घरी लक्ष्मी होऊन राहतेस ती तूच, आणि पाप्यांच्या घरी अलक्ष्मी होऊन राहतेस तीही तूच, असं ते म्हणतात. म्हणजे अलक्ष्मी ही देवीची शत्रू नाही. ती देवीच आहे.

हे वाचलं की घाटंजीच्या घरच्या महालक्ष्म्या आठवतात. (पुण्यामुंबईकडे गौरी म्हणतात, आमच्या विदर्भात महालक्ष्म्या.) भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळवर निघतात. सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील, वर टांगलेला फुलोरा. दोघी बहिणी शेजारी उभ्या, एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा.

ज्येष्ठा हे नाव नक्षत्रावरून आलं म्हणतात. मान्य. पण पुराणात अलक्ष्मीचंही नाव ज्येष्ठाच आहे, लक्ष्मीची मोठी बहीण. पद्मपुराणात लक्ष्मी विष्णूला सांगते, आधी मोठीचं लग्न, मग माझं. पुढे ज्येष्ठेचा नवरा उद्दालक ऋषी तिला पिंपळाखाली सोडून जातो. तिचं रडणं लक्ष्मीला ऐकवत नाही, ती विष्णूला घेऊन तिथे जाते.

आता आमच्या घरचं. पुरण मोठ्या आईच्याच हातचं लागतं, पहाटेपासून ती चुलीपाशी. पण सवाष्णी मुखवटे घेऊन कुंकवाच्या पावलांवरून आत येतात तेव्हा ती मागच्या खोलीत असते. कोणी जा म्हणत नाही. मोठे बाबा गेल्यापासून ती आपणच उठून जाते, आणि आम्ही "तिचीच इच्छा" म्हणून मोकळे. प्रोग्रॅममधला बग वर्षानुवर्षं राहिला की लोक त्याला फीचर समजतात, तसं काहीसं.

कुणी म्हणेल, रीत आहे, सोयीप्रमाणे बदलायची नसते. हा आक्षेप मी हलका धरत नाही, रीत मोडण्यातही अहंकार असतोच. पण दहा महाविद्यांतली धूमावती विधवा आहे आणि तिची पूजा होते. मग मोठी आई दारात उभी राहिली तर विटाळ नेमका कुणाला होतो? देवीला की आपल्याला? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. शेतकरी आत्महत्यांनी इतक्या घरांतलं कुंकू पुसलेल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर हा प्रश्न घरोघरचा आहे. पण देवघराच्या उंबरठ्यापर्यंत ग्रामपंचायत येत नाही. तिथे आपणच असतो.

परवा फोनवर तिला म्हटलं, यंदा एक मुखवटा तू आण.

"लोकं काय म्हणतील रे बापू? अन् देवीले नाही चाललं तं?"

मी तिला पिंपळाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तू एक दिवस आधीच ये. मुखवटे पुसावं लागतात."