मकर न उगवणाऱ्या गावात संक्रांत

दुपारचे पावणेदोन वाजलेत आणि आजी चार वर्षांच्या नातवाला हलवून उठवताहेत. "ऊठ रे बाळा, तिन्हीसांजेला झोपू नये." नातू डोळे चोळत खिडकीकडे बघतो. बाहेर निळसर अंधार आहे. रस्त्यावरचे दिवे लागलेत आणि बर्फावर त्यांचे पिवळे डाग पडलेत. डोळ्यांना दिसते ती तिन्हीसांजच, त्यात आजींची काही चूक नाही. फक्त वरणभाताची ताटं अजून विसळायची आहेत. सात वर्षांची थोरली नात विचारते, "मग आजी, देवापुढे दिवा पण आत्ताच लावायचा?"

आजी घड्याळाकडे बघतात, मग खिडकीकडे, आणि उत्तर न देता ताटं उचलायला लागतात.

हे ट्रॉम्सो आहे. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या वर साडेतीनशेएक किलोमीटर, अक्षांश ६९ अंश ३९ कला. इथे २७ नोव्हेंबरच्या सुमाराला बुडालेला सूर्य थेट १५ जानेवारीच्या आसपास क्षितिजाला टेकतो. मधल्या काळात अगदीच काळोख असतो असंही नाही. ऐन डिसेंबरातसुद्धा दुपारी बाराला सूर्य क्षितिजाखाली जेमतेम तीन अंशांवर असतो. त्यामुळे दोन-चार तास आभाळ निळं, जांभळं, दक्षिणेला जरा केशरी होतं आणि पुन्हा विझतं. म्हणजे दिवसभरात मिळून काय ती एक लांबलचक तिन्हीसांज.

पुण्याचं हे कुटुंब मुलांच्या मावशीकडे आलंय. नाताळच्या सुट्टीला मुलांच्या शाळेचे दोन आठवडे जोडून घेतलेत, कारण मावशीच्या आठ महिन्यांच्या बाळाची ही पहिली संक्रांत आणि आजींना त्याचं बोरनहाण करायचंय. चिवड्याच्या डब्यात कापसात गुंडाळून हलव्याचे दागिने आलेत, बाळाचं काळं झबलं आलंय, तिळाच्या वड्या आल्यात, दाते पंचांग आलंय. बोरं तेवढी आली नाहीत. ताजी फळं नेण्याचे नियम कडक असतात. इथलं रोजचं जग पाहून आजी आधीच चक्रावल्या आहेत. लोक तान्ह्या बाळांना बाबागाडीत गुरफटून बाहेरच्या थंडीत झोपवतात, पोरांना चमचाभर कॉड लिव्हर ऑइल पाजतात, आणि रस्त्यावर उजेड पडताच चमकणाऱ्या पट्ट्या लावल्याशिवाय मुलांना बाहेर सोडत नाहीत. हे सगळं त्यांनी दोन दिवसांत पचवलं. अडलं ते दिव्यापाशी.

नातीचा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. देवाधर्माची वेळ कुठून घ्यायची? डोक्यावरच्या आभाळातून, मागे ठेवून आलेल्या गावातून, की भिंतीवरच्या घड्याळातून?

आपल्या परंपरेचं पहिलं उत्तर आभाळाच्या बाजूने आहे. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी होते आणि ती साऱ्या जगात एकाच क्षणी संपते. पण कोणत्या दिवसाला कोणती तिथी म्हणायची हे बहुतेक वेळा त्या त्या ठिकाणच्या सूर्योदयावर ठरतं. म्हणून तर मुंबईची एकादशी आणि न्यू जर्सीची एकादशी कधीकधी वेगवेगळ्या तारखांना येते आणि दोन जावांचे उपास दोन दिवशी पडतात. आता सूर्योदयच नसेल तर? चंद्राची तऱ्हा याच्या उलट. डिसेंबरातल्या पौर्णिमेच्या मागेपुढे तो ट्रॉम्सोत काही दिवस मावळतच नाही. एखाद्या वर्षी हा मुक्काम संकष्टीपर्यंत लांबला, तर चंद्रोदयाला उपास सोडणाऱ्याने करायचं काय? मावळलाच नाही त्याचा उदय कसला?

हा पेच एकट्या हिंदूंचा नाही. वाळवंटात वाट चुकलेल्या आणि वारांचा हिशेब हरवलेल्या माणसाने काय करावं, याचा खल ज्यूंच्या तालमुदात आहे. त्याने आजपासून सहा दिवस मोजावेत आणि सातवा शब्बाथ म्हणून पाळावा, असं एक मत तिथे दिलंय. इस्लामी परंपरेतही एक हदीस सांगतात. शेवटच्या काळात एक दिवस वर्षाएवढा लांब असेल, हे ऐकल्यावर सोबत्यांनी विचारलं की मग त्या दिवशी एकाच दिवसाचे नमाज पुरतील का? उत्तर आलं, नाही, अंदाजाने वेळा मोजा. उत्तरेकडच्या मुस्लिमांसाठी पुढे याच आधारावर मतं दिली गेली. कुणी मक्केची वेळ प्रमाण मानली, कुणी दिवसरात्र नीट होणाऱ्या जवळच्या शहराची. दोन्ही धर्मांना एक गोष्ट उमगलेली दिसते. आभाळाने साथ सोडली की मोजणं माणसाच्या अंगावर येतं.

आपल्याकडचं सर्वांत नेमकं उत्तर मात्र धर्मशास्त्राच्या पोथीत सापडत नाही, गणिताच्या पोथीत सापडतं. आणि ते लिहिणारा माणूस सह्याद्रीच्या आसपासचा होता.

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. या ग्रंथाच्या गोलाध्यायात ते एक अक्षांश देतात, ६९ अंश २० कला. तिथे धनु आणि मकर या राशी कधीच दिसत नाहीत, आणि मिथुन आणि कर्क कधी मावळत नाहीत, असं ते सांगतात. त्यांचा अक्षांश आणि ट्रॉम्सोचा अक्षांश यांत फरक १९ कलांचा, म्हणजे जमिनीवर पस्तीसेक किलोमीटरांचा. खानदेशाच्या उन्हात बसून, क्रांतिवृत्ताचा कल २४ अंश धरून, ज्या माणसाने बर्फाचं मैदान कधी पाहिलं असण्याची शक्यता नाही त्याने मावशीच्या घराचा पत्ता जवळजवळ बिनचूक काढून ठेवला होता. थोडक्यात, आजी संक्रांत करायला निघाल्या होत्या त्या नेमक्या मकर न उगवणाऱ्या गावात.

याहून महत्त्वाची आहे त्यांची एक टिप्पणी. मनुस्मृती म्हणते की माणसाचं एक वर्ष ही देवांची एक दिवसरात्र, उत्तरायण हा त्यांचा दिवस आणि दक्षिणायन ही रात्र. देव राहतात मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर. भास्कराचार्यांच्या गणिताला हे खटकलं. ध्रुवावर सूर्य दिसायला लागतो तो वसंतसंपाताला, मार्चमध्ये. उत्तरायण मात्र सुरू होतं डिसेंबरात. म्हणजे देवांच्या या 'दिवसा'चा पहिला अर्धा भाग शुद्ध अंधाराचा. मग संहिताकारांनी त्याला दिवस का म्हटलं? भास्कराचार्य त्यांना खोटं पाडत नाहीत आणि स्वतःचं गणितही वाकवत नाहीत. ते म्हणतात, सूर्य दिनोन्मुख झाला, दिवसाकडे तोंड वळवलं त्याने, म्हणून फळं सांगण्यापुरता त्यांनी दिवस मानला. दिसणं वेगळं आणि मानणं वेगळं. दोन्हींच्या जागा ठरवून दिल्या आणि ते पुढच्या श्लोकाकडे वळले.

लोकमान्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. १८९३ च्या 'ओरायन'मध्ये त्यांनी मांडलं की प्राचीन काळी उत्तरायण वसंतसंपातापासूनच मोजत असावेत. म्हणजे देवांचा दिवस खराखुरा उजेडाचाच ठरतो. दहा वर्षांनी आलेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'मध्ये तर त्यांनी वेदांतली लांबच लांब उषा हीच ध्रुवप्रदेशाची आठवण मानून आर्यांचं मूळ घर तिकडे नेलं. तो सिद्धांत आज अभ्यासक मानत नाहीत. टिळकांचा हट्ट मात्र समजण्यासारखा आहे. पूर्वजांनी जे म्हटलं ते त्यांना कधीतरी, कुठेतरी डोळ्यांनी दिसलेलं असलंच पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. आपल्यापैकी पुष्कळांना अजून तसं वाटतं. दर जानेवारीत फोनवर येणारे 'आपले सण किती शास्त्रीय' छापाचे निरोप याच भावनेतून लिहिलेले असतात.

त्या निरोपांत एक गोष्ट हमखास चुकते. संक्रांतीपासून दिवस मोठा होतो, असं त्यांत असतं. दिवस वाढायला लागतो २२ डिसेंबरपासून. कधीकाळी, सतराशेएक वर्षांपूर्वी, दोन्ही गोष्टी एकत्र होत होत्या. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, त्यामुळे नक्षत्रांवरून मोजलेली मकर ऋतूंपासून सरकत गेली, साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस. स्वामी विवेकानंद १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी जन्मले, ती तारीख १२ जानेवारी होती. आता संक्रांत १४ नाहीतर १५ जानेवारीला येते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच सायन, म्हणजे ऋतूंना धरून चालणाऱ्या, पंचांगाचा आग्रह धरला होता. १९५७ साली सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका आणली, तिचा पौष २२ डिसेंबरलाच लागतो. त्या दिवशी तीळगूळ कुणी वाटत नाही. याचा अर्थ पुण्यातसुद्धा आपण संक्रांत आभाळाकडे बघून करत नाहीच. आजींना ट्रॉम्सोत जी अडचण दिसली ती सदाशिव पेठेतही होती. तिथे ऊन होतं, म्हणून ती लपून राहिली.

आणि तरीही 'सगळं मानण्यावरच आहे' म्हणून मोकळं होता येत नाही. पूजेआधीचा संकल्प आठवून बघावा. गुरुजी भराभर म्हणतात आणि यजमानाचं लक्ष ओल्या उपरण्याकडे असतं, पण त्यात असतो तो पत्ता. कोणतं द्वीप, कोणता खंड, गोदावरीचा कोणता तीर, कोणता शक, कोणती तिथी. देवाला काही मागण्याआधी आपण कुठे आणि केव्हा उभे आहोत ते सांगायचं. अमेरिकेतले अनेक गुरुजी जंबुद्वीपाच्या जागी क्रौंचद्वीप म्हणतात. पुराणातल्या त्या द्वीपाचा आणि अमेरिकेच्या नकाशाचा मेळ कसा घातला, हे विचारू नये. पण ट्रॉम्सोत बसून गोदावरीच्या तीरावर असल्याचं सांगणं त्यांनी टाळलं असतं, आणि हा प्रामाणिकपणा घेण्यासारखा आहे. कर्म पुण्याचं चालेल, पत्ता मात्र खरा हवा.

आजींनी दिव्याचा निकाल न बोलता लावला. रोज संध्याकाळी सातला, घड्याळाने. तिन्हीसांजेला झोपू नये हा नियम त्यांनी गुपचूप स्थगित केला.

संक्रांतीला दुपारी बाराच्या सुमाराला बोरनहाण झालं. दक्षिणेकडच्या डोंगरांमागे आभाळ तांबूस झालं होतं, सूर्य अर्थातच नव्हता. काळ्या झबल्यावर हलव्याचा हार आणि मुकुट घालून बाळ मांडीवर बसलं. बोरांच्या जागी द्राक्षं होती, चुरमुऱ्यांच्या जागी पॉपकॉर्न. शेजारची दोन गोरी पोरं डोक्यावरून पडलेलं सगळं वेचायला सर्वांत पुढे होती. बाळाने हार ओढून त्यातला एक दाणा चोखायला घेतला आणि मावशीने तो तोंडातून काढून घेतला तेव्हा भोकाड पसरलं.

"आज सूर्य मकरेत गेला ना? मग दिसेल आता?" थोरलीने विचारलं.

"वळलाय तो इकडे," आजी म्हणाल्या. "पोचायला आठवडा लागेल."

हिशेब त्यांनी मावशीकडून घेतला होता. गणिताने सूर्य एक-दोन दिवसांत क्षितिजाला लागतो, पण डोंगर आड येतात, त्यामुळे गावात तो दिसतो २१ जानेवारीला. त्या दिवशी शाळेतली मुलं सूर्य बघायला बाहेर पडतात आणि बेकऱ्यांत जॅम भरलेल्या गोल गोड पावांसाठी रांग लागते. सूर्याचे पाव म्हणतात त्यांना. पाहुण्यांची तिकिटं १८ तारखेची होती.

विमान उडालं तेव्हा दुपार होती आणि खाली तोच निळा अंधार. दहा हजार मीटर उंचीवर गेलं की क्षितिज तीनेक अंश खाली जातं. तेवढं पुरलं. उजव्या बाजूच्या खिडक्यांतून एकदम पिवळं ऊन आत आलं, सीटच्या पाठींवर, थोरलीच्या केसांवर. आजींनी हात जोडले. पुढच्या रांगेतल्या माणसाने डोळ्यांवर येतं म्हणून झडप खाली ओढली.