लखुजीराजांच्या समाधीपाशी

सिंदखेडराजाला जिजाऊंचे वडील लखुजीराजे जाधव यांच्या समाधीपाशी येऊ या. प्रत्यक्ष नसेल जमत तर मनानं. घाई करू नका. श्वास संथ होऊ द्या आणि समोर पाहा. चौरस, भक्कम वास्तू, कमानी, आणि वर घुमट. समाधी एका हिंदू राजाची, रूप मात्र मकबऱ्याचं. हे पाहून मनात काय उठतं? अभिमान, अस्वस्थता, की नुसतं कुतूहल? जे उठेल ते उठू द्या. लगेच निवाडा नको.

आता मागे जाऊ. याच जिल्ह्यातलं लोणारचं दैत्यसूदन मंदिर आठवा. दगडावर दगड आडवा रचत नेलेला, भिंतीभर कोरीव मूर्ती. या मुलखातले जुने कारागीर असं बांधत. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी यादवांच्या राजधानीवर, देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या पाव शतकात यादवांचं राज्य बुडालं. सुलतान आले, आणि त्यांच्या राजवटीत घुमट या मातीत रुजला. सिंदखेडचे जाधव हे त्याच यादवांचे वंशज मानले जातात. ज्यांचं राज्य गेलं, त्यांच्या वंशजांनी जिंकणाऱ्यांची वास्तुकला आपल्या थोर पुरुषाच्या समाधीसाठी निवडली. इथे थोडं थांबा.

जिंकणारे तरी निव्वळ परके होते का? लखुजीराजांनी ज्या निजामशाहीची चाकरी केली, तिच्या संस्थापकाचे वडील मलिक हसन जन्मानं ब्राह्मण कुळातले, असं फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. आणि लखुजीराजांचे व्याही मालोजी भोसले? त्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. त्या घरची शिवभक्ती त्यामुळे उणावली नाही.

असंच दूर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्येही घडलं. इसवी सनपूर्व ५२ मध्ये अलेसियाला गॉल लोक रोमन सेनापती सीझरपुढे हरले. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत पॅरिसच्या नावाड्यांनी एक स्तंभ उभारला. त्यावर रोमनांचा ज्युपिटर आहे आणि गॉलांचा शिंगं असलेला केर्नुन्नोसही. हरलेल्यांनी नवा देव घेतला, जुना सोडला नाही.

पण मन इथेच सुखावू देऊ नका. २५ जुलै १६२९. देवगिरीचाच किल्ला, निजामशहाचा दरबार. मुजऱ्याला गेलेले लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी आणि रघुजी, नातू यशवंतराव, सगळे दगा करून मारले गेले. पूर्वजांच्या राजधानीत, ज्याची चाकरी केली त्याच्याच हुकमानं. हा घाव नजरेसमोर धरा. घुमटाचं सौंदर्य सांगून तो झाकू नका, आणि घावाच्या रागापायी घुमटाकडे पाठही फिरवू नका. दोन्ही खरं आहे.

आंब्याचं कलम बांधताना सुरी चालवावीच लागते. झाड वाढतं, फळ धरतं, खोडावरची गाठ राहते. फळ गोड निघालं म्हणून सुरीचे आभार मानायचे नसतात, आणि गाठ दिसते म्हणून झाडही तोडायचं नसतं.

याच सिंदखेडराजात १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला. वडील आणि भाऊ दरबारात मारले गेल्याचं दुःख त्यांनी सोसलं. पती शहाजींचं नाव परंपरेनं एका पिराचं. या सगळ्यासकट त्यांनी शिवरायांना घडवलं. स्वराज्य शुद्ध, अस्पर्श मातीतून उगवलं नाही. ते अशा मिसळलेल्या, दुखावलेल्या आणि तरीही ताठ उभ्या राहिलेल्या घरातून उगवलं.

आता स्वतःकडे वळा. तुमची भाषा, पोशाख, घरातले सण यांत कोणकोणत्या राजवटी मुरल्या आहेत, याचा शांतपणे विचार करा. त्यातलं काय लादलं गेलं आणि काय आपण आपलंसं केलं? उत्तर लगेच सापडायला हवं असं नाही.

एवढंच मागणं आहे. सिंदखेडराजाला गेलात तर जिजाऊंच्या जन्मस्थानाला हात जोडून तसेच परतू नका. त्यांच्या वडिलांच्या समाधीपाशीही अर्धा तास बसा. मुलांना सोबत न्या, आणि त्यांना घुमटाची गोष्ट आणि घावाची गोष्ट, दोन्ही सांगा.