शेकाची कैफियत

जाड्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून दुखऱ्या गुडघ्यावर फिरवावी, अथवा निर्गुडीचा पाला ऊन करून सांध्यावर बांधावा, या आपल्याकडील पिढीजात उपचारांना कोणी शास्त्रीय चाचणीचा दाखला मागितला, की एका पक्षास ती मागणीच परंपरेचा अवमान वाटते आणि दुसऱ्यास असल्या गोष्टींची चौकशी हाच कालापव्यय वाटतो. दोन्ही पक्ष मला सारखेच अन्यायाचे वाटतात. कारण ज्या उपचारावर असंख्य वृद्ध आजही विसंबून आहेत, त्याचे बलाबल तपासून पाहणे हे आपण त्यांचे देणे लागतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साह्याने द्यावयाच्या स्वेदाचे १३ प्रकार सांगितले आहेत. पण मला त्याहून मोलाची वाटते ती स्वेद कोणास देऊ नये याची तेथील यादी, जीत गर्भिणीप्रमाणे मधुमेहीही आहेत. मधुमेहात पायांची संवेदना मंदावल्यामुळे कातडी भाजली तरी रोग्यास उमगत नाही, हे आजचे वैद्यक सांगते. आचार्यांची उपपत्ती निराळी असेल, परंतु निषेध तोच आहे. अपात्र रोग्यांची इतकी दक्षतेने नोंद ठेवणाऱ्या शास्त्रास परीक्षेचे भय असण्याचे कारण नाही.

अशा परीक्षेत शेकाची तुलना ज्याच्याशी करावयाची ते डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे जेल गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडे, सुमारे ६ टक्के, उतरते आणि म्हणून जठराला कमी उपद्रव देते. कोक्रेन संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, सहा ते बारा आठवडे हे औषध लावणाऱ्या दर १०० रोग्यांपैकी सुमारे ६० जणांना चांगला आराम पडल्याचे आढळले. परंतु औषधाविना नुसता लेप लावणाऱ्यांतही तसा आराम पडलेले सुमारे ५० जण होते. साऱ्या वादाचे मर्म या पन्नासांत आहे. शेकाचा एक आणि जेलचा एक असे दोनच गट करून त्यांत अंतर दिसले नाही, म्हणजे शेक औषधाच्या तोडीचा ठरला, असा फैसला देणे घाईचे होय. कारण दोघेही त्या पन्नासांच्याच बळावर उभे असतील, ही शक्यता तेवढ्या पुराव्याने खोडली जात नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रोग्यांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर गुडघ्याची दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया आणि त्वचेवर नुसते छेद घेऊन केलेला तिचा देखावा यांच्या फलात दोन वर्षांनंतरही फरक दिसला नाही.

औषधाविना जेल बनवता येते. उष्णतेविना शेक बनवता येत नाही, आणि रोग्यापासून ऊब लपवताही येत नाही. शिवाय शेकात केवळ ऊब नसते. उष्णतेने रक्तवाहिन्या विस्फारतात व स्नायूंचा ताठा उतरतो हे खरे. पण निर्गुडीचा त्यात वाटा किती, आणि अर्धा तास शेजारी बसून सांध्यावरून फिरणाऱ्या लेकीच्या किंवा सुनेच्या हाताचा किती? माझ्या मते एका गटास पाल्याचा शेक, दुसऱ्यास नुसत्या वाळूचा, आणि तिसऱ्यास तितकाच वेळ दुसऱ्याच्या हाताने चोळलेले जेल, अशी वाटणी केल्याखेरीज या प्रश्नांचा इन्साफ व्हावयाचा नाही. हाताचा वाटा मोठा निघाला, तर त्यात परंपरेचा पराभव मानण्याचे काहीच कारण नाही.

अशी परीक्षा आपल्या आवाक्याबाहेरची नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी आयुर्वेदीय योगांची ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब या सांधेदुखीवरील औषधांशी ४४० रोग्यांवर २४ आठवडे तुलना करून २०१३ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात ते योग बरोबरीचे ठरल्याचे जसे नमूद आहे, तसेच ते घेणाऱ्या काही रोग्यांच्या यकृताच्या तपासणीतील वाढलेले आकडेही नमूद आहेत. शेकाच्या वाट्याला अशीच सचोटी यावी. गुडघ्याच्या विकारासाठी जगभर वापरली जाणारी वोमॅक ही २४ प्रश्नांची कॅनडातील प्रश्नावली जिन्यांविषयी, मोज्यांविषयी, स्नानाच्या टबाविषयी विचारते. आपल्या वृद्धांना मात्र मांडी घालता येते का, उकिडवे बसता येते का, हे विचारले पाहिजे. आणि झिजलेली कूर्चा ना शेकाने परत येते ना जेलने, तेव्हा मिळणारा आराम किती काळ टिकतो याला महत्त्व येते. म्हणून शेक घेतल्यानंतर किती तासांनी हा प्रश्न विचारला, याचीही नोंद चाचणीच्या दप्तरात असावी.