यात आपलं काय?

आपल्यातल्या एखाद्या तरण्या कार्यकर्त्यापुढं पुस्तक धरा. तो ते उलटंपालटं करील, मागं छापलेली किंमत बघील आणि विचारील, "यात आपलं काय?"

सवाल चुकीचा नाही. ज्या पोथ्यांत आपलं नाव निघालं ते फक्त शिक्षेच्या कलमात, त्या पोथ्यांच्या देशात आपली पोरं पुस्तकाला जाब विचारणारच. विचारायलाच पाहिजे. माझं भांडण त्याच्या पुढच्या गोष्टीशी आहे. सवाल टाकायचा आणि उत्तराची वाट न बघता पुस्तक खाली ठेवायचं, याच्याशी. ताऱ्यांवरचं पुस्तक? यात आपलं काय! आफ्रिकेतली कादंबरी? यात आपलं काय! मनुस्मृती? थू! मग हातात उरते ती पंचवीस पानांची पुस्तिका. तिच्यातलं सगळं आपल्याला आधीच पाठ असतं. ती वाचून मान डोलवायची आणि झोपायचं. याला मी वाचन म्हणत नाही, हे आरशात बघणं झालं.

गावानं आपल्याला कुसाबाहेर काढलं. आता पुस्तकांच्या जगातही आपण आपलाच वाडा आखून घ्यायचा आणि वेशीवर आपणच पहारा द्यायचा? दलितानं दलिताचंच वाचावं, असं प्रस्थापितांनाही वाटतंच. दुःखाचं खातं तुमच्याकडं, बाकी विश्व आमच्याकडं. ही वाटणी मला मान्य नाही.

1847च्या सुमाराला पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' पडलं. पुस्तक 1791-92 सालचं. पेन हा बायकांचे कॉर्सेट शिवणाऱ्या कारागिराचा पोरगा, स्वतःही तेच काम शिकलेला. त्यानं ते लिहिलं फ्रान्सच्या क्रांतीवर तुटून पडलेल्या बर्कला उत्तर म्हणून. त्यात पुण्याचं नाव नाही, माळ्याचं नाही, महार-मांगाचं तर नाहीच नाही. यात आपलं काय, असं म्हणून जोतीरावांनी ते ठेवून दिलं असतं तर? 1848ची मुलींची शाळा एका पुस्तकामुळं निघाली असं भोळं बोलणं मी बोलणार नाही. पण पंचवीस वर्षांनी, 1873 साली, 'गुलामगिरी' काढली तेव्हा त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेत काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. पुण्यातल्या माणसाला समुद्रापलीकडच्या गुलामाची बेडी ओळखता आली, ती वाचल्यामुळंच.

आता अवघड भागाकडं येतो. शत्रूचं पुस्तक वाचावं का?

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली. हे आपल्याला तोंडपाठ आहे, दरवर्षी आपण तो दिवस पाळतो. पण जाळणारा माणूस पुढं काय करत बसला, हे आपण सांगत नाही. 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' आणि 1948 साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' ही बाबासाहेबांची दोन पुस्तकं आली. उघडून बघा. वेद, ब्राह्मणग्रंथ, स्मृती, आणि त्यात तोच मनू, पानापानावर. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नव्हतं. म्हणून त्यांनी इंग्रजी भाषांतरं धरली. दार बंद तर खिडकी. तेव्हा जाळणं आणि वाचणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. जाळून त्यांनी त्या पुस्तकाचा आपल्यावरचा हुकूम संपवला. हुकूम संपला की पुस्तक नुसतं कागद होतं, आणि कागद हा पुरावा असतो. पुरावा कोणी न वाचता फेकत नाही. निदान वकील तरी फेकत नाही.

याहून मला डोकं खाजवायला लावणारं उदाहरण नाकाचं आहे. नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर. आकडा सत्तरच्या आत आला तर नाक चाफेकळी, पंच्याऐंशीच्या वर गेला तर फेंदारलेलं. 1901च्या खानेसुमारीचा मुख्य अधिकारी रिझले यानं या आकड्यावर अख्खा हिंदुस्थान रांगेत उभा केला. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. हसू नका, त्या काळी हे शास्त्र होतं. पुढं गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 साली आपल्या पुस्तकात ही मापं पुन्हा तपासली. बाबासाहेबांनी 1948च्या पुस्तकात तीच मापं उचलली आणि विचारलं, अस्पृश्यता वंशातून आली म्हणता, तर मग ब्राह्मणाचं नाक आणि अस्पृश्याचं नाक निराळं पडायला पाहिजे. ते तसं पडत नाही. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, तो द्रविड असेल तर हाही द्रविड. त्यांची फूटपट्टी, त्यांचेच आकडे, आणि खटला त्यांच्यावरच उलटला. रिझलेचं नाव ऐकून कानावर हात ठेवले असते तर हे जमलं नसतं.

पण इथं थांबलो तर आपण फक्त टाळ्या वाजवू. पुढचा सवाल टोचणारा आहे. समजा मापं उलटी निघाली असती तर? आज नाकाचं ते शास्त्र कोणी मानत नाही, जनुकांचं शास्त्र आलंय. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं मांडलं की या देशातले लोक सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले, आणि मग मिसळणं थांबत गेलं. वाचून आपण खूष होतो, कारण जातीचं मूळ बेटीबंदीत आहे हे बाबासाहेबांनी 1916 सालीच कोलंबियात वाचलेल्या निबंधात सांगितलं होतं. पण त्याच शास्त्रात असंही आहे की जुन्या पूर्वजांचा अंश निरनिराळ्या जातींत कमीजास्त आहे. हे वाचून आपला एखादा भाऊ पुस्तक आपटतो. का आपटतोस? तुझी बरोबरी तुझ्या रक्ताच्या थेंबावर टांगलेली आहे का? 'जातिनिर्मूलन' 1936चं. माणसं प्रत्यक्षात सारखी नसतील, तरी वागणूक समतेचीच ठेवली पाहिजे, अशी मांडणी बाबासाहेबांनी त्यात केली. म्हणजे नाकाचा खटला लढण्याआधी बारा वर्षं त्यांनी आपली समता कुठल्याही मापाच्या कचाट्यातून सोडवून ठेवली होती. हे ज्याला कळलं त्याला विज्ञानाच्या कुठल्याच पुस्तकाची भीती बाळगायचं कारण नाही. तो वाचील, तपासील, पटलं तर घेईल.

आणि आपल्या बाजूच्या पुस्तकाचं काय? स्टीफन जे गूल्ड हा अमेरिकन शास्त्रज्ञ. 1981 साली त्याचं 'द मिसमेजर ऑफ मॅन' आलं. फिलाडेल्फियाच्या मॉर्टननं शेकडो कवट्या जमवून त्यांत आधी बिया आणि नंतर शिशाचे छर्रे भरून मेंदूचं माप काढलं होतं. गूल्ड म्हणाला, गोऱ्याच्या कवटीत बिया दाबून भरल्या गेल्या असतील आणि काळ्याच्या कवटीत सैल. जाणूनबुजून नव्हे, पूर्वग्रहानं. मला हे पुस्तक फार आवडलं, अजून आवडतं. पण 2011 साली काही संशोधकांनी त्यातल्या निम्म्याच्या आसपास कवट्या पुन्हा मोजल्या, आणि मॉर्टनची मापं बहुतेक बरोबर निघाली. त्यावर पुन्हा वाद झाला. काही अभ्यासक म्हणाले, मापं बरोबर असली म्हणून मॉर्टनचा निष्कर्ष बरोबर ठरत नाही. तेही खरं. कवटीच्या मापावरून अक्कल ठरवणं हाच मुळात बावळटपणा. पण गूल्ड आपला म्हणून त्याचं माप तपासायचं नाही, हे चालणार नाही. मॉर्टनला एक न्याय आणि गूल्डला दुसरा, तर मग आपल्यात आणि शंकराचार्यात फरक काय राहिला?

विज्ञानाचं पुस्तक वाचलं की माणूस शहाणा होतो, अशीही अंधश्रद्धा नको. आमच्या शाळेत एक मास्तर फळ्यावर पाण्याचं सूत्र मोठ्या अक्षरात लिहायचे. दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. सुंदर शिकवायचे. मधल्या सुट्टीत मात्र आमच्या हातचं पाणी घ्यायचे नाहीत. महाडचं तळं शेणमुताच्या, दूधदह्याच्या 108 घागरी ओतून शुद्ध करणाऱ्यांतही शाळा शिकलेले असतीलच की. सूत्र डोक्यात असतं, घागर हातात असते, आणि दोघांची गाठ पडत नाही.

ती गाठ कधीकधी गोष्ट पाडते. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 सालची. रेल्वेत नोकरीला लागलेला माणूस जात लपवतो आणि ती उघडी पडते. एवढीच गोष्ट, पण वाचल्यावर आपण स्वतः कुठंकुठं आडनाव गिळलं ते आठवायला लागतं. ही आपली गोष्ट, ती आपण वाचलेली असते. मी आग्रह धरतो तो दुसऱ्या एका कादंबरीचा. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट', 1958ची. गोरा माणूस येतो आणि इग्बो लोकांचं सगळं जग मोडून टाकतो, अशी ती कथा. आपलं मन अर्थातच इग्बोंच्या बाजूनं धावतं. आणि मग एका प्रकरणात 'ओसू' येतात. देवाला वाहिलेली माणसं. त्यांनी केस कापायचे नाहीत, मोकळ्या जातीच्या माणसाशी लग्न करायचं नाही, गावाच्या बैठकीला यायचं नाही, मेल्यावर त्यांना पुरायचं ते वाईट रानात. हे ओसू चर्चमध्ये येऊन बसतात, तर नवे ख्रिस्ती झालेले इग्बोच त्यांच्यापासून सरकून बसतात! गोऱ्याच्या टाचेखालचा माणूस त्याच्याही खालच्याला दूर सारतो. ओसूंना मग सांगितलं जातं, डोकं भादरा. जटा उतरतात. पूर्व नायजेरियात ही प्रथा कायद्यानं बंद झाली 1956 साली. आपणही त्याच साली नागपूरला दीक्षा घेतली. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही.

यात आपलं काय? भाऊ, सगळंच आपलं आहे. आपल्या वस्तीत मांगाची पोरगी महाराच्या घरात सून म्हणून आली तर काय होतं, ते आठव. धम्म घेतला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि लग्नाच्या बैठकीत पोटजात विचारली. हे सांगणारा जवळचा माणूस आपल्याला टोचतो, आपण त्याला फुटीर म्हणतो. आफ्रिकेतला सांगतो तेव्हा ऐकून घेतो. म्हणून मी लांबचं पुस्तक शोधतो.

इतिहासाचं थोडक्यात सांगतो. आपल्याला इतिहासात वीर हवे असतात. हवेत, नको कोण म्हणतं? पण दा. ध. कोसंबी वाचा. माणूस गणिताचा. जुन्या नाण्यांची वजनं करून ती किती हात फिरली याचा हिशोब काढणारा. पुण्याच्या आसपासच्या माळावर दगडी हत्यारं वेचणारा, शेंदूर फासलेल्या दगडाला नमस्कार करणाऱ्या बाईला तिचा देव कुठून आला ते विचारणारा. त्याच्या इतिहासात राजा कमी आणि वरवंटा जास्त. आणि ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला', 1989चं. गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांना बोलतं करून लिहिलेलं. महाडला, नाशिकला, सभांत, परिषदांत बाया होत्या, मग आपल्या भाषणांत त्या कुठं गेल्या? मनूला शिव्या देणाऱ्या आपल्या चळवळीला हा सवाल बायांनी पुस्तकातून विचारावा लागला. इथं "यात आपलं काय" म्हणायची कुणाची छाती आहे?

अशी पुस्तकं सापडतात कुठं, असं पोरं विचारतात. माझी रीत साधी आहे. एक पुस्तक आवडलं की त्यात लेखक ज्याच्याशी भांडतो त्याचं नाव टिपून घ्यायचं आणि त्याच्या मागं लागायचं. बाबासाहेबांमुळं मी घुर्येपर्यंत गेलो, घुर्येमुळं रिझलेपर्यंत. बाबासाहेबांनी 1918 साली बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलंय, ते वाचून मी रसेल शोधला. सत्ताविशीच्या आतबाहेरचा पोरगा रसेलला जिथं पटत नाही तिथं सरळ हटकतो, ते बघण्यासारखं आहे. रद्दीच्या दुकानात वजनावर मिळतं ते कॉलेजच्या कपाटात कुलपात असतं, हे ध्यानात ठेवा. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कला आणि दीक्षेच्या दिवशी नागपूरला पुस्तकांचे ठेले लागतात. खेड्यातली माणसं भाकरी बांधून येतात आणि परत जाताना पुस्तक घेऊन जातात. असं दुसरीकडं फारसं बघायला मिळत नाही. पण तिथं कडेला बसलेल्या, गर्दी नसलेल्या ठेल्यापाशीही थांबा. रोषणाईच्या ठेल्यावर तेच ते असतं.

आणखी एक. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांनी 1950 साली कॉलेज काढलं. त्याला पुढं नाव मिळालं मिलिंदाचं. 'मिलिंदपञ्ह'मधला मिलिंद राजा हा सवाल विचारणारा. उत्तरं देणारा भिक्खू नागसेन. त्याचं नाव परिसराला. कॉलेजाच्या दारावर मात्र सवालवाल्याचं नाव आहे, आणि तो राजा उत्तर मिळेपर्यंत जागचा हलत नाही. पटलं तर पटलं म्हणतो, नाही तर पुन्हा विचारतो.

अभ्यासवर्गात पुढच्या खेपेला अचेबेचं ओसूंचं प्रकरण घ्यावं असं मी सुचवतो. ज्याला इंग्रजी जमतं त्यानं दोनदोन पानं मराठीत सांगावीत, बाकीच्यांनी मध्येमध्ये अडवावं. कवट्यांचं पुस्तक माझ्याकडं आहे. ज्याला हवं त्यानं घेऊन जावं. समासात पेन्सिलीनं भांडलात तरी चालेल, पानं तेवढी दुमडू नका.