खांद्यामागची चावी

संतसज्जनहो, विमान म्हटले की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे तुकोबारायांचे वैकुंठगमन उभे राहते. आज मात्र आम्ही माणसाने घरी बांधलेल्या एका लहानशा विमानाची गोष्ट सांगणार आहोत.

अमेरिकेत हौशी लोक अशी विमाने बांधतात. सरकारदप्तरी त्यांना ‘प्रायोगिक’ म्हणतात. १९९७ साली जॉन डेन्व्हर या प्रसिद्ध गायकाने ‘लाँग-ईझेड’ जातीचे असेच एक विमान विकत घेतले. त्याला पेट्रोलच्या दोन टाक्या. एक संपत आली की चावी फिरवून दुसरी चालू करायची. मूळ आराखड्यात ही चावी चालकाच्या पुढ्यातच होती. बांधणाऱ्याने ती नेऊन बसवली चालकाच्या डाव्या खांद्यामागे, आणि तिच्यावर खूणही केली नाही. १२ ऑक्टोबरला डेन्व्हर पेट्रोल न भरताच उडाला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी विमान समुद्रात कोसळले नि तो गेला. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा की, चावीसाठी मागे वळताना त्याचे लक्ष विमानावरून उडाले, उजवा पाय नकळत दाबला गेला आणि विमान हातचे गेले. या विमानाचा त्याला पुरेसा सरावही नव्हता.

गेलेल्या जीवाला दोष द्यायला आम्ही हे लिहीत नाही. आपली चावी कुठे आहे, ते पाहावे म्हणून लिहितो.

इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे पडते असे नाही. नाक जरा खाली करून वेग राखला तर ते घारीसारखे तरंगत उतरते. म्हणून शिकवणारे बजावतात : आधी विमान सांभाळ, मग उतरायला जागा बघ, वेळ उरला तर बिघाड शोध. आणि हा धडा ते कधी गिरवून घेतात? इंजिन धड चालू असताना, ते मुद्दाम मंद करून! खरा प्रसंग आला की शिकायला सवड कुठली?

आता आपले पाहा. कुणी म्हणतो, “महाराज, पोरींची लग्ने होऊ द्या, शेताचा वाद मिटू द्या, मग माळ घेऊ.” बाबांनो, ही चावी खांद्यामागे ठेवणेच झाले! श्वास अडेल, जीभ जड होईल, घरचे रडू लागतील, त्या वेळी मागे वळून नाम शोधायचे? गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत अंतकाळच्या स्मरणाचे फळ सांगतात; पण लगेच पुढे अर्जुनाला आज्ञा करतात ती सर्वकाळ स्मरण करण्याची, आणि तीही युद्ध करीत असताना. प्रपंच सोडायला ते सांगत नाहीत.

तेव्हा देह धड आहे तोवरच, जात्यावर, मोटेवर, गाडीत बसल्या जागी, नाम ओठांशी आणून ठेवू या. पुढ्यात असलेल्या चावीवर हात आपोआप जातो.

रामकृष्णहरि!