स्वसंरक्षण आणि प्रार्थनेचें युद्ध



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरत असतां पाळकास एक प्रश्न पुष्कळदां ऐकावा लागतो. कोणाच्या खळ्यावरून रातोरात धान्य गेलेलें असतें. कोणाचा बांध शेजाऱ्यानें नांगरून आपल्या शेतांत घेतलेला असतो. कोणास भर बाजारांत धर्मावरून अपशब्द सोसावे लागलेले असतात. उपासना आटोपल्यावर असा मनुष्य हळूच जवळ येऊन विचारतो, "पाळकसाहेब, आतां काठी हातीं घ्यावी, कीं गुडघे टेकावे?" प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याचें उत्तर घाईनें देणारा पाळक स्वतः दोषांत पडतो व दुसऱ्यासहि खड्ड्यांत लोटतो. हें मी अनुभवावरून लिहीत आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक बाई सायंकाळीं माझ्या घरीं आली. नवरा दारू पिऊन मारतो, आतां सोसवत नाहीं, माहेरीं जाऊं काय, असें तिनें विचारिलें. मीं तिला डोंगरावरील प्रवचनांतील दुसरा गाल पुढें करण्याविषयींचा उपदेश (मत्तय ५:३९) समजावून सांगितला, तिच्याबरोबर प्रार्थना केली, आणि "बाई, घरीं जा, प्रार्थनेंत मोठें सामर्थ्य आहे," असें म्हणून तिला परत पाठविलें. तिसऱ्या दिवशीं तिचा हात मोडल्याचें कळलें. मी भेटावयास गेलों तेव्हां तिनें मला दोष दिला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "पाळकसाहेब, प्रार्थना तर मी रोज करीतच होतें. तुमच्याकडे मी दुसरें कांहीं मागावयास आलें होतें."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. प्रभूनें गाल पुढें करावयास सांगितलें, तें ज्याच्या गालावर चपराक बसली त्यास सांगितलें. मीं पुढें केला तो गाल माझा नव्हता. दुसऱ्याचा गाल मारणाऱ्यापुढें करण्याचा अधिकार मला कोणीं दिला होता? ह्या प्रश्नानें मला पुन्हां शास्त्राकडे नेलें. तेथें जें आढळलें तें आपल्यापुढें ठेवितों.

गेथशेमाने बागेंत प्रभूनें शिष्यांस जागें राहून प्रार्थना करावयास सांगितलें होतें. ते झोंपले. थोड्याच वेळानें धरणारे लोक आले, आणि प्रार्थनेच्या वेळीं झोंपलेल्या पेत्रानेंच तरवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान तोडिला. त्या दासाचें नांव मल्ख होतें असें योहान सांगतो. प्रभूनें तो कान बरा केला हें लूक सांगतो. गुडघ्यांवर लढावयाचें युद्ध ज्यानें झोंपेंत घालविलें, त्यास मग हातघाई सुचली; आणि ती हातघाईहि इतकी पोकळ कीं त्याच रात्रीं एका दासीच्या प्रश्नापुढें त्याचें धैर्य गळालें. इकडे ज्यानें घाम गाळून प्रार्थना केली होती, तो शांतपणें पुढें झाला. त्यानें स्वतःस धरूं दिलें, परंतु शिष्यांना जाऊं द्यावें अशी मागणी केली (योहान १८:८). पुढें चौकशींत एका शिपायानें त्यास चपराक मारिली. त्यानें उलट हात उगारिला नाहीं. तसाच तो गप्पहि राहिला नाहीं. आपलें बोलणें कोठें चुकलें तें दाखवावें, आणि चुकलें नसेल तर ह्या माराचें कारण सांगावें, असा सरळ जाब त्यानें विचारिला (योहान १८:२३). ह्यावरून दिसतें कीं, गाल पुढें करणें म्हणजे अन्यायास न्याय म्हणणें नव्हे.

मंडळीच्या थोर शिक्षकांनींहि हा भेद ओळखिला होता. केवळ आपला जीव वांचविण्याकरितां दुसऱ्याचा जीव घेणें आगस्टीनला पटत नसे; परंतु दुसऱ्यांच्या रक्षणार्थ नेमलेल्या शिपायाची व अधिकाऱ्याची गोष्ट तो वेगळी मानी. लूथरानें १५२३ सालीं राजसत्तेविषयीं जो ग्रंथ लिहिला त्यांत त्याचें म्हणणें असेंच आहे: ख्रिस्ती मनुष्यानें स्वतःविषयीं अन्याय सोसावा, पण शेजाऱ्यावर अन्याय होतांना स्वस्थ बसूं नये. स्वतःविषयीं सोसणें कोठवर जातें हें पाहावयाचें असेल तर हॉलंडांतील डर्क विलेम्स ह्याची गोष्ट आठवावी. धर्ममतामुळें कैदेंत पडलेला हा मनुष्य १५६९ सालीं बर्फावरून पळत असतां त्याचा पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यांत पडला. डर्क मागें फिरला व त्यानें त्यास बाहेर काढिलें. तेथेंच तो पकडला गेला आणि पुढें जिवंत जाळला गेला. त्यानें जो गाल पुढें केला तो त्याचा स्वतःचा होता. म्हणून ती साक्ष आजवर टिकली आहे.

मग रात्रीं घरांत चोर शिरला तर काय करावें? मोशेच्या नियमशास्त्रांत ह्याविषयीं मोठा सूक्ष्म विचार आहे. घर फोडतांना चोर रात्रीं मारिला गेला तर घरधन्यावर रक्तपाताचा दोष नाहीं. सूर्य उगवल्यावर मारिला तर दोष आहे (निर्गम २२:२, ३). अंधारांत येणारा किती जणांनिशीं आला, त्याच्या हातांत काय आहे, हें कळत नाहीं; उजेडांत शेजारी येतात, पंच येतात, न्याय मागतां येतो. आपल्या देशाचा कायदाहि असाच चालतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें खासगी संरक्षणाचा हक्क दिला होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तो आहे; मात्र बचावास लागेल त्याहून अधिक इजा करतां येत नाहीं, आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास वेळ असेल तर तो हक्क उरत नाहीं. म्हणून मुलांबाळांवर धांवून येणाऱ्यास अडविणें निराळें, आणि दुसऱ्या दिवशीं चार माणसें घेऊन त्याची गंजी पेटवावयास जाणें निराळें. उजाडल्यावर उचललेली काठी बहुधा सुडाची असते. आणि सूड देवानें स्वतःकडे राखून ठेविला आहे (रोम १२:१९).

दाद मागणें हा अविश्वास आहे असें कित्येक भाविक समजतात. त्यांनीं पौलाकडे पाहावें. यरुशलेमांत त्यास ठार मारण्याचा कट झाला, त्याच्या आदल्याच रात्रीं प्रभूनें त्यास धीर देऊन रोमास पोहोंचविण्याचें वचन दिलें होतें. असें वचन हातीं असतांहि, भाच्यानें कटाची बातमी आणितांच पौलानें त्यास सरदाराकडे पाठविलें. आणि दोनशें शिपाई, सत्तर स्वार व दोनशें भालेकरी ह्यांच्या पहाऱ्यांत तो कैसरियाकडे निघाला (प्रेषित २३). नहेम्यानेंहि शत्रूंची चाहूल लागतांच प्रार्थना केली व रात्रंदिवस पहारा बसविला (नहेम्या ४:९). मार खाणाऱ्या स्त्रीसाठीं २००५ सालीं झालेला कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. तिला त्याची वाट दाखविणें हें पाळकाच्या सेवेबाहेरचें काम नव्हे.

मग कोणी म्हणेल, पहारा बसविला, फिर्याद दिली, तर प्रार्थनेचें काम काय उरलें? सर्वांत कठीण काम उरलें. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायांत पौल शस्त्रसामग्रीचें वर्णन करितो तें बेडींत असतां करितो, आणि आपलें झगडणें रक्तमांसाशीं नाहीं असें शिकवितो. बेडी घालणारा शिपाईहि त्याचा शत्रु नव्हता! शत्रु तो, जो मारणाऱ्यास क्रूर करितो व मार खाणाऱ्यास द्वेषानें आंतून कुजवितो. त्या शत्रूवर काठी चालत नाहीं, फिर्याद चालत नाहीं. तेथें प्रार्थनाच चालते.

परंतु सावध असावें. शेजाऱ्याचा नाश व्हावा म्हणून तासचे तास ओरडून मागणें, किंवा गांवांतील एखाद्या निराधार बाईवर दुष्टात्म्याचा आळ घेऊन तिच्याविरुद्ध लोकांस चेतविणें, ह्यास कित्येक जण आत्मिक युद्ध म्हणूं लागले आहेत. तो प्रार्थनेचा वेष घेतलेला सूडच होय. खऱ्या प्रार्थनेची परीक्षा सोपी आहे: ज्यानें आपलें वाईट केलें त्याचें नांव घेऊन, त्याचें कल्याण व्हावें असें मागतां येतें काय? ज्यास हें मागतां येतें, त्यास प्रसंगीं चोराचा हात धरावा लागला तरी कोठें थांबावें हें त्याला कळतें.

खरी प्रार्थना पायांनाहि चालावयास लाविते. पंडिता रमाबाई मोठ्या प्रार्थनाशील बाई होत्या. केडगांवच्या मुक्ति मिशनांतील १९०५ चें आत्मिक जागृतीचें वर्ष प्रसिद्धच आहे. पण त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन निराधार मुली व विधवा ह्यांस घेऊन आल्या होत्या. प्रथम मुलींच्या डोक्यावर छप्पर घातलें गेलें, आणि त्याच छपराखालीं पुढें तो प्रार्थनेचा स्वर उठला.

त्या बाईचें पुढें काय झालें हें आपण विचाराल. मी व मंडळीचे एक वडील तिला तिच्या माहेरीं पोहोंचवून आलों. नंतर मी तिच्या नवऱ्याकडे गेलों. जें पहिल्याच सायंकाळीं करावयाचें होतें तें मीं हात मोडल्यावर केलें. नवऱ्याची दारू अजून पुरती सुटलेली नाहीं. ती बाई आजहि दररोज त्याचें नांव घेऊन प्रार्थना करिते. परंतु ती बंद व सुरक्षित दाराआडून करिते, आणि तिच्या प्रार्थनेंत आतां भय नाहीं.

म्हणून, बंधुभगिनींनो, आपला गाल पुढें करण्याचें बळ प्रभूपाशीं मागा. दुर्बळाच्या गालावर हात पडत असेल तर मध्यें उभे राहा. आणि हीं दोन्हीं कामें करण्यापूर्वीं, करितांना व केल्यावर, पेत्रासारखे झोंपूं नका. प्रभु आपणां सर्वांस जागें ठेवो. आमेन.